केस कसले, टोक कसं? मेकअपचा ब्रश निवडताना

मेकअपबद्दल आपण बोलतो ते लिपस्टिकच्या शेडबद्दल, फाउंडेशन कुठल्या कंपनीचं याबद्दल. ब्रशबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो पावडरच्या डबीबरोबर फुकट आलेला असतो, नाहीतर थोरल्या बहिणीचा असतो, नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेल्या चोवीस ब्रशांच्या पाकिटातला असतो. त्या चोवीसांतले वीस कशासाठी आहेत हे घेणारीला माहीत नसतं आणि विकणाऱ्यालाही नसतं. आणि मग आयशॅडो पसरली, गालावर ब्लशचा गोल डाग पडला की दोष रंगाला.

मराठीत या वस्तूला खरं तर एक छान शब्द आहे, कुंचला. पण तो चित्रकारांकडे गेला आणि आपल्याकडे ब्रश उरला. दात घासायचा, भिंत रंगवायचा, बूट चमकवायचा आणि पापणीवर रंग लावायचा, सगळे ब्रशच. म्हणून इथेही ब्रशच म्हणते.

ब्रशचे भाग तीन. दांडी, केस, आणि दोघांना जोडणारी धातूची नळी. या नळीला व्यवसायात फेरूल म्हणतात. दांडी लाकडाची की प्लॅस्टिकची, गुलाबी की काळी, याने चेहऱ्यावर काहीच फरक पडत नाही. पैसे मात्र बऱ्याचदा आपण त्या दांडीचेच देतो. पाहायचं असतं ते केसांकडे, आणि त्यातही केसाच्या टोकाकडे.

हे टोकाचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. प्राण्याचा केस नैसर्गिकरीत्या वाढतो तेव्हा त्याचं टोक निमुळतं असतं. केस कात्रीने कापला की टोक बोथट होतं. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण गालाला लगेच कळतो. दाढी केल्यावर दोन दिवसांनी हनुवटी टोचते त्याचं कारणही हेच, केस जाड झालेला नसतो, त्याचं टोक छाटलेलं असतं. स्वस्त ब्रशात केसांची जुडी बांधतात आणि मग वरून कात्री मारून तिला गोल, चपटा, तिरका असा आकार देतात. त्यामुळे चेहऱ्यावर येतात ती सगळी छाटलेली टोकं.

जपानमध्ये हिरोशिमाजवळ कुमानो नावाचं गाव आहे. लेखणीच्या, म्हणजे शाईने अक्षरं काढायच्या ब्रशांसाठी ते गाव फार पूर्वीपासून प्रसिद्ध, आता मेकअपच्या ब्रशांसाठीही. तिथले कारागीर ब्रशाचं तोंड कापत नाहीत. लाकडाच्या छोट्या साच्यात केस टोकं खाली करून घालतात, साचा हलकेच आपटत राहतात, आणि केस आपोआप साच्याच्या आकारात बसतात. छाटणी करायची ती बुडाकडून, जो भाग नंतर नळीत लपतो. त्यामुळे त्वचेला लागतं ते केसाचं मूळ टोक. २०११ साली जपानच्या महिला फुटबॉल संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा सरकारने राष्ट्रीय सन्मानाबरोबर खेळाडूंना कुमानोचे मेकअप ब्रश भेट दिले होते. आपल्याकडे अशा वेळी शाल-श्रीफळ देतात. दोन्ही मला आवडतं, पण ब्रश रोज वापरता येतो.

कुमानोचे ब्रश आपल्या खिशाला परवडणारे नाहीत, ते ठीकच आहे. त्यातून घ्यायची गोष्ट एवढीच की दुकानात ब्रश पाहताना तो मनगटाच्या आतल्या बाजूवर उभा धरून गोल फिरवून बघायचा. तिथली कातडी पापणीइतकी नाही, तरी बरीच नाजूक असते. तिथे टोचला तर डोळ्यावर टोचणारच. मग केस हलक्या हाताने ओढून पाहायचे. नव्या ब्रशातून एखाद-दुसरा केस निघतो, त्याने बिघडत नाही. बोटांत झुपकाच आला तर ठेवून द्यायचा. नळी दांडीवर हलते का, हे चिमटीत धरून बघायचं. तळहातावर दाबून सोडला की केस परत जागेवर यायला हवेत, फिसकारून राहायला नकोत. आणि गडद रंगाचे केस असतील तर ओलसर पांढऱ्या रुमालावर घासून पाहिलं की कच्चा रंग लगेच उतरतो. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

आता केस कसले, हा प्रश्न. दोन मोठे गट, जनावरांचे आणि कृत्रिम. जनावरांमध्ये बकरीचे सर्वांत जास्त वापरले जातात, नाजूक कामाला खारीचे, शिवाय घोड्याचे. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत कोरडी पावडर अडकून राहते आणि थोडी थोडी सुटते. म्हणून पावडर, ब्लश, आयशॅडो यांसाठी पूर्वी हे केसच उत्तम मानत. कृत्रिम केस नायलॉनचे किंवा तशाच दुसऱ्या प्लॅस्टिकच्या धाग्याचे. ते गुळगुळीत असतात, द्रव पदार्थ पीत नाहीत, त्यामुळे फाउंडेशन, कन्सीलर, क्रीम यांसाठी तेच बरे. बकरीच्या केसांचा ब्रश फाउंडेशनमध्ये बुडवला तर अर्धं फाउंडेशन ब्रशच पितो. पण ही विभागणी आता जुनी होत चालली आहे. निमुळत्या टोकांचे कृत्रिम धागे निघाले आहेत, ते पावडरही चांगली धरतात, धुतल्यावर लवकर वाळतात. पहिला ब्रश घेणाऱ्या विद्यार्थ्याने डोळे झाकून कृत्रिमच घ्यावा असं माझं मत आहे, आणि त्याला आणखी एक कारण आहे.

ते कारण म्हणजे मुंगूस.

मुंगसाचा केस ताठ असतो, टोकाला बारीक होतो, आणि पुन्हा पुन्हा वाकवला तरी सरळ होतो. हेच त्याचं दुर्दैव. चित्रकारांच्या ब्रशांसाठी आपल्या देशात मुंगसं मारली जात आली आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुंगूस संरक्षित प्राणी आहे. त्याची शिकार, त्याच्या केसांचा आणि त्या केसांच्या ब्रशांचा व्यापार हा गुन्हा आहे. आपल्याकडे मुंगूस दिसणं शुभ मानतात, सापाशी लढणारा म्हणून त्याच्या गोष्टी सांगतात. त्याचेच केस नकळत गालावरून फिरवायचे, हे कुणालाच नको असेल. म्हणून ‘नॅचरल हेअर’ एवढंच लिहिलेला ब्रश असेल तर सरळ विचारावं, “काका, हे केस कुठल्या जनावराचे?” उत्तर मिळालं नाही तर घेऊ नये. मुंगसाच्या केसाची एक खूण आहे, एकाच केसावर पट्टे असतात, टोक काळपट, मधला भाग फिकट पिवळसर आणि खाली परत गडद. मात्र पांढरी टोकं आणि काळं बूड असलेला दोन रंगांचा ब्रश पाहून घाबरू नका. दोन लांबीचे धागे मिसळून तसे ब्रश मुद्दाम करतात, हलका हात लागावा म्हणून.

जाता जाता, ‘कॅमल हेअर’ असं लिहिलेल्या ब्रशात उंटाचा केस नसतो. खार, बकरी, घोडा यांपैकी काहीतरी असतं. नाव तेवढं चिकटून राहिलं आहे. आणि काही मैत्रिणींना प्राण्यांचे केस चालत नाहीत, धर्माने म्हणा, व्रताने म्हणा, ऍलर्जीने म्हणा. गॅदरिंगला एकाच टेबलावर सगळ्यांचे चेहरे रंगवायचे असतात तेव्हा हे विचारून घेणं बरं.

आकाराचं काय? इथे नावांचा गोंधळ फार. प्रत्येक कंपनीचे नंबर वेगळे. एखादी व्हिडिओत “टू सेव्हन्टीन घ्या” म्हणते तेव्हा ती मॅक कंपनीचा २१७ नंबर सांगत असते, दुसऱ्या कंपनीच्या दांडीवर तोच आकडा असेल तर त्याचा या ब्रशाशी काही संबंध नसतो. नंबर पाठ करण्यापेक्षा एक तत्त्व लक्षात ठेवलं की पुरतं. घरात केरसुणी असते आणि अंगणात खराटा. केरसुणी मऊ, पसरट, ती बारीक धूळ हळूच गोळा करते. खराटा ताठ, तो जोर लावतो. ब्रशाचं तसंच. केस आखूड आणि दाट असतील तर रंग जास्त लागतो आणि कड स्पष्ट राहते. केस लांब आणि विरळ असतील तर रंग कमी लागतो आणि कड विरघळते. गालावर ब्लशचा डाग पडतो तेव्हा बहुतेक वेळा आखूड-दाट ब्रशाने लांब-विरळ ब्रशाचं काम केलेलं असतं.

चेहऱ्यासाठी म्हणून दोन पुरतात. एक मोठा, मऊ, पावडरचा, तोच कडेने धरून ब्लशलाही चालवता येतो. दुसरा दाट, सपाट किंवा किंचित गोल तोंडाचा, फाउंडेशन जिरवायला. तोही नसेल तर बोटं आहेत. क्रीम बोटाच्या उबेने छान पसरतं, याला कुणी कमीपणा मानू नये. पंख्यासारखा ब्रश, कंटूरचा ब्रश, नाकाचा वेगळा ब्रश, हे हौस असेल तेव्हा.

डोळ्यांना मात्र तीन लागतातच. पहिला छोटा, चपटा, दाट, पापणीवर रंग दाबून बसवायला. दाबायचा, घासायचा नाही, घासलं की पावडर गालावर सांडते. दुसरा लांबट केसांचा, झुपकेदार, कशालाही न बुडवता कोराच घ्यायचा आणि पापणीच्या खोबणीत पुढे-मागे फिरवून रंगाची कड मिटवायची. तीनांतला एकच ब्रश चांगला घ्यायचे पैसे असतील तर ते यावर खर्च करा. स्वस्त रंगसुद्धा नीट मिसळला की बरा दिसतो. महागडा रंग कडेला रेघ ठेवून थांबला तर पाचव्या रांगेतूनही दिसतो. तिसरा बारीक, तिरक्या तोंडाचा, लायनरला आणि भुवयांना दोन्हीकडे चालणारा. नाटकात सुरकुत्या काढायच्या असतील तर हाच कामाला येतो. याचे केस मात्र ताठच हवेत, मऊ असले तर रेघ हलते. दोन-तीनशे रुपयांना एक, असे सुटे घेतले तरी या पाचांचं आयुष्य त्या चोवीसांच्या पाकिटापेक्षा जास्त असतं.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे गावोगाव जत्रेला नाटकं होतात, कॉलेजात गॅदरिंग, एकांकिका, ख्रिसमसचा कार्यक्रम. रंगपटात एक पेटी आणि पंधरा चेहरे. तोच ब्रश राजाच्या डोळ्याला, तोच राणीच्या, तोच शेवटच्या सैनिकाच्या. पापणीच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर काजळ लावताना ब्रश थेट डोळ्यातल्या ओलाव्याला लागतो. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते तेव्हा हा ब्रश ती साथ पंधरा घरांत पोचवतो. रांजणवाडीचंही तसंच, पापणीच्या मुळाशी होणारा हा संसर्ग बहुतेक वेळा त्वचेवरच्याच जंतूंमुळे होतो आणि ओला, मळका ब्रश त्यांना जागा देतो.

मुखवट्यासारखा जाड रंग लावला म्हणून हे टळत नाही. करता येण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. डोळ्याचे ब्रश ज्याचे त्याने आणायचे. मस्काऱ्याची कांडी एकाची दुसऱ्याला अजिबात द्यायची नाही. काजळ सामाईक असेल तर प्रत्येकासाठी नवा कापसाचा बड घ्यायचा आणि एकदा डोळ्याला लागलेला बड परत डबीत घालायचा नाही. क्रीम किंवा लिपस्टिक डबीतून थेट ब्रशाने न घेता आधी स्वच्छ चमच्याच्या दांड्याने बशीत काढायची. जाणते रंगभूषाकार असंच करतात. चेहऱ्याचे ब्रश दोन जणांच्या मध्ये स्पिरिटने पुसता येतात, पण पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या चेहऱ्याला लावू नयेत, डोळ्याजवळ तर नाहीच. आणि ज्याचे डोळे लाल आहेत त्याला त्या दिवशी डोळ्यांचा मेकअपच नको, भूमिका कितीही मोठी असो. दिग्दर्शक रागावला तर रागावू दे.

घरच्या ब्रशांबद्दल, अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था सात ते दहा दिवसांनी ब्रश धुवावेत असं सांगते. फार काही लागत नाही. कोमट पाणी, थोडा सौम्य शाम्पू, तळहातावर ब्रश गोल फिरवायचा, फेस पांढरा येईपर्यंत. तोंड कायम खाली ठेवायचं, कारण पाणी नळीत शिरलं की आतला गोंद सुटतो, आणि मग ज्या केसांना तुम्ही दुकानात ओढून पाहिलं होतं तेच गळायला लागतात. पाण्यात भिजत ठेवायचा तर नाहीच. धुतल्यावर रुमालात दाबून, बोटांनी आकार देऊन, टेबलाच्या कडेला आडवा ठेवायचा, केस हवेत लोंबतील असा. ओला ब्रश पेल्यात उभा केला की पाणी परत नळीत उतरतं.

हे सगळं मार्च महिन्यात सोपं आहे. आपल्याकडच्या जून-जुलैत, जेव्हा कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा दाट ब्रश एका रात्रीत वाळेलच असं नाही. पावसाळ्यात सगळे एकदम धुवू नयेत, दोन-दोन धुवावेत, पंख्याखाली ठेवावेत आणि बुडाशी बोट लावून गारवा लागत नाही ना हे पाहूनच पाकिटात घालावेत. कुबट वास आला तर परत धुवून बघा. दुसऱ्यांदाही आला तर तो ब्रश मेकअपमधून काढून टाका. संगणकाचा कीबोर्ड झाडायला तो चांगला चालतो.