उपचारांनंतरचा आधार

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार पूर्ण झाले की कुटुंबीय सुटकेचा निःश्वास टाकतात. रुग्ण महिलेची अस्वस्थता मात्र पुष्कळदा त्याच सुमारास वाढीस लागते. उपचारकाळात डॉक्टर व परिचारिका वरचेवर भेटत असतात. तो आधार एकाएकी सुटतो आणि इतके दिवस मागे सारलेले प्रश्न समोर येतात. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना हा आजार झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. यावरून या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात यावी.

सर्वांत मोठी भीती आजार उलटण्याची असते. पाठ दुखली किंवा खोकला लांबला तरी शंका येते. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. स्तन गमावल्याचे दुःख, हाताची सूज आणि थकवा यांची त्यात भर पडते. अनेकींना पाच वर्षे वा अधिक काळ संप्रेरकविरोधी गोळ्या घ्याव्या लागतात. त्यामुळे अंगाची लाही होते, झोपमोड होते. अशा वेळी "आता बरी झालीस ना!" एवढेच कानी पडले, की ती बोलेनाशी होते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे.

कुटुंबीयांनी तिचे म्हणणे उपदेश न करता ऐकावे, तपासणीस सोबत यावे, घरातील कामे हळूहळू तिच्या हाती द्यावीत. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तिचे ताट वेगळे करू नये. उदासीनता, निद्रानाश वा अन्नावरील वासना उडणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यांना चालू गोळ्यांची नावे अवश्य सांगावीत, कारण नैराश्यावरील काही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही उपलब्ध आहे.

या वाटेवरून गेलेल्या स्त्रीचा शब्द विशेष धीर देतो. अमेरिकेत टेरेस लॅसर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ च्या सुमारास रुग्ण महिलांना भेटण्याचा उपक्रम सुरू केला. पुढे तो अनेक देशांत रुजला.

यंत्रसामग्रीसाठी देणगी मिळते, तिच्यावर दात्याचे नावही कोरता येते. समुपदेशकाचे वेतन व रुग्ण महिलांच्या मेळाव्याचा खर्च यांना असा फलक लाभत नाही. तरीही हा खर्च आम्ही उपचारांचाच भाग मानतो. हितचिंतकांनीही तो तसाच मानावा व या कार्यास हातभार लावावा, ही नम्र विनंती.