हेन्रिएटाच्या पेशी आणि आपला अंगठा

माणसाच्या शरीरातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर औषधे आणि लसी तपासतात, हे आपण ऐकतो. पण या कामी सर्वांत जास्त वापरलेल्या पेशी कुणाच्या, हे आपल्या घरात फारसे कुणाला ठाऊक नसते.

हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या घरातली, पाच लेकरांची आई. १९५१ साली गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला म्हणून ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. तिथे काळ्यांचे वॉर्ड वेगळे होते. उपचार करताना तिच्या गाठीचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. तिला कुणी विचारले नाही, सांगितलेही नाही.

तोवर बाहेर वाढवायला ठेवलेल्या माणसाच्या पेशी थोड्याच दिवसांत मरत. हिच्या पेशी मात्र पोषक द्रवात दिवसागणिक दुप्पट होऊ लागल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी हेन्रिएटा वारली. तिच्या पेशी आजही वाढत आहेत. तिच्या नावावरून त्यांना ‘हेला’ म्हणतात. पोलिओची लस तपासताना त्या कामी आल्या. १९८४ साली याच पेशींत एचपीव्ही विषाणू आढळला, आणि पुढे त्या विषाणूवर मुलींसाठी लस तयार झाली.

पेशींचा व्यापार झाला, पण घरच्यांना १९७३ पर्यंत पत्ताच नव्हता. अखेर त्यांनी कोर्टात दावा लावला आणि २०२३ साली एका कंपनीने तडजोड केली.

म्हणून संशोधनाला घाबरायचे का? मुळीच नाही. लस आपल्याही लेकी घेतात. पण विचारल्याशिवाय घेणे हा अन्याय आहे. आपल्याकडे संशोधनासाठी रुग्णाची संमती घ्यावी लागते. तेव्हा सही किंवा अंगठा देण्यापूर्वी विचारा: हा नमुना माझ्या तपासणीसाठी आहे की संशोधनासाठी? उरलेल्या नमुन्याचे काय करणार? मला समजेल अशा भाषेत सांगा. वाचता येत नसेल, तर साक्षीदारासमोर कागद वाचून दाखवायला सांगा. संशोधनाला नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

आपल्या आयाबहिणींना हे जरूर सांगा. दवाखान्यात जाताना घरातले शिकलेले एक माणूस सोबत न्या. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.