खांदेरीची बत्ती

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रात दोन बेटे दिसतात. अलीकडचे उंदेरी, पलीकडचे खांदेरी. मुंबई बंदराची वाट इथून जवळच. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला खांदेरीवर नजर ठेवावीच लागते.

शिवाजी महाराजांनी हे नेमके हेरले. १६७९ मध्ये त्यांच्या आरमारातील सरदार मायनाक भंडारींच्या देखरेखीखाली बेटावर तट चढू लागला आणि मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले. त्यांनी आरमार पाठवून वेढा घातला. पण मराठ्यांच्या होड्यांना थोडके पाणीही पुरे. रात्रीच्या अंधारात वल्ही मारत त्या बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब जातीची युद्धनौकाच मराठ्यांच्या हाती लागली. पुढच्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली.

पुढे खांदेरीवर मराठा आरमाराचे प्रमुख आंग्रे यांचा अंमल आला आणि १८१८ मध्ये बेट इंग्रजांकडे गेले. १८६७ मध्ये तिथे अष्टकोनी दगडी दीपगृह उभे राहिले. ज्या ठिकाणाहून जहाजे अडवता येत होती, तिथूनच आता त्यांना वाट दाखवली जाऊ लागली. १८७५ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या टोकाशी, भरतीच्या पाण्यात बुडणाऱ्या खडकांवर प्राँग्सचे दीपगृहही उजळले.

दिवा उंचावर हवा, कारण पृथ्वी गोल आहे. समुद्रसपाटीपासून ४९ मीटर उंचीवर दिवा असेल आणि खलाशाची नजर ९ मीटरवर असेल, तर तो साधारण २१ सागरी मैलांवरून क्षितिजावर येतो. फ्रेनेल भिंगाची काचेची कडी इकडेतिकडे पसरणारा प्रकाश गोळा करून एका झोतात पाठवतात. दीपगृहाच्या उघडझापीची लय ठरलेली असते. ती मोजून, नकाशाशी ताडून खलाशी दीपगृह ओळखतो. अशा दोन दिव्यांच्या दिशा होकायंत्राने घेऊन नकाशावर रेषा ओढल्या, की त्या जिथे छेदतात तिथे आपले जहाज.

आज जीपीएस जहाजाची जागा आकड्यांत सांगतो. पण उपग्रहाचा संकेत चुकला किंवा यंत्र बंद पडले, तर डोळ्यांनी दिसणारी खूण लागतेच. किनारा ओळखीचा असलेल्या तांडेलालाही रात्री परतताना ती दिसली की दिशेची खात्री पटते.

१९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले. २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नोंदीतून किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. बेटावर वेताळाचे देऊळ आहे, कोळ्यांचे श्रद्धास्थान. दिवसा होड्या देवदर्शनासाठी खांदेरीला लागतात. रात्री त्याच कोळ्यांच्या होड्या बाहेरच्या समुद्रात असतात, आणि खांदेरीची बत्ती त्यांच्या नजरेत.