सहा वर्षांचे मूल आणि सहा हजार वर्षांची पृथ्वी

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणे हा अमेरिकेत आता विक्षिप्तपणा मानला जात नाही. १९९३ पर्यंत तेथील पन्नासही राज्यांत या प्रथेला कायद्याची मान्यता मिळाली होती. सरकारी पाहणीनुसार १९९९ मध्ये सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २०१६ मध्ये ही संख्या १७ लाखांच्या आसपास होती. हे सारे पालक धर्मनिष्ठ असतात असे नाही. तथापि १९८० नंतर ही चळवळ ज्यांनी उभी केली, त्यांत बायबलचा शब्द न् शब्द प्रमाण मानणारी प्रॉटेस्टंट कुटुंबे आघाडीवर होती. अशा घरात गणित किंवा वाचन शिकवताना अडचण येत नाही. अडचण येते ती विज्ञानाच्या पुस्तकापाशी.

असे घर डोळ्यांपुढे आणावे. मुले तीन-चार, मिळवता एक, शिकवणारी आई. शाळेसाठीचा स्थानिक कर चुकलेला नाही. परंतु त्या कराच्या बदल्यात शेजारच्या मुलाला फुकट मिळणारे पुस्तक हिला नको आहे, कारण त्यात उत्क्रांती आहे. तिला हवे आहे असे पुस्तक, की ज्याच्या पहिल्या पानावर निर्मात्याचे नाव असेल, जे सहा वर्षांच्या मुलाला कळेल आणि जे तिच्या खिशाला परवडेल. आपल्याकडील वाचकाला या शोधाचे हसू येण्याचा संभव आहे. ते आवरावे. आपल्या मुलाच्या हाती पडणाऱ्या पहिल्या पुस्तकाबद्दल इतकी चिकित्सा करणारे पालक आपल्याकडे किती सापडतील?

ही पुस्तके शाळेऐवजी घरात का आली, यालाही इतिहास आहे. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन या गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला. त्यानंतर प्रकाशकांनी शालेय पुस्तकांतून डार्विनला हळूच मागल्या दाराने बाहेर काढले. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला आपल्या विज्ञानशिक्षणाची लाज वाटू लागली. १९६३ मध्ये नवी जीवशास्त्राची पुस्तके आली आणि त्यांतून उत्क्रांती परतली. याच सुमारास, १९६१ मध्ये, व्हिटकॉम आणि मॉरिस या लेखकद्वयाने नोहाच्या जलप्रलयावर ग्रंथ लिहून भूस्तरांची सारी उपपत्ती त्या एका पुरात बुडवली. मॉरिस हे जलशास्त्राचे अभियंते होते, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. पुढे १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत निर्मितिवाद शिकवण्यास भाग पाडणारा लुइझियानाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. सरकारी शाळेचे दार असे बंद झाले. खासगी ख्रिस्ती शाळांचे आणि घराचे दार मात्र उघडेच होते.

त्या दाराशी आज मोठी बाजारपेठ उभी आहे. एकेका इयत्तेच्या एकेका विषयाचे पाठ्यपुस्तक, शिक्षकाची प्रत, स्वाध्यायाची वही, चाचण्या आणि उत्तरे असा संच घेतला, तर खर्च शंभर डॉलरच्या पुढे सहज जाऊ शकतो. यात खरी मेख आहे ती स्वाध्यायाच्या वहीत. पाठ्यपुस्तक थोरल्याकडून धाकट्याकडे जाते, पुढे चर्चच्या सभागृहातील जुन्या पुस्तकांच्या विक्रीत निम्म्या किमतीला जाते. ज्या वहीत लिहायचे, ती मात्र दर मुलामागे नवी घ्यावी लागते. म्हणूनच ‘अपोलोजिया’ या प्रकाशनाची जीनी फुलब्राइट यांनी लिहिलेली मालिका लोकप्रिय झाली, तर नवल नाही. सहा ते बारा वर्षांच्या भावंडांना एकत्र बसवून वाचता येईल अशी तिची रचना आहे. विषयांची मांडणी ‘उत्पत्ती’च्या क्रमाने आहे: पाचव्या दिवसाचे पक्षी आणि जलचर, सहाव्या दिवसाचे भूचर. दर आठवड्याला विषय बदलून मुलाला गोंधळात टाकण्यापेक्षा वर्षभर एकाच शास्त्रात रमू द्यावे, हे त्यामागचे सूत्र शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने मुळीच वाईट नाही.

वाईट आहे तो कालगणनेचा हट्ट. १६५० मध्ये आर्चबिशप अशर यांनी बायबलमधील वंशावळ्यांचा हिशेब करून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये ठरवला. या पंथाच्या बहुतेक पुस्तकांतील पृथ्वी आजही त्याच सुमाराची, म्हणजे सहा हजार वर्षांची असते. शास्त्रज्ञांनी उल्कांतील शिशाच्या मोजमापावरून १९५६ मध्ये काढलेले आणि पुढे वारंवार पडताळलेले वय आहे सुमारे साडेचारशे कोटी वर्षांचे. देवाने सृष्टी केली, हे विधान विज्ञान खोडू शकत नाही. ते त्याचे कामही नव्हे. ‘सहा हजार’ हा मात्र आकडा आहे, आणि आकडा तपासता येतो. निरभ्र, अंधाऱ्या रात्री अंगणात उभे राहून त्या आईने मुलाला देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका दाखवावा. त्या ठिपक्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. हा प्रकाश देवाने वाटेतच निर्माण केला, असे एक उत्तर निर्मितिवादी देत आले आहेत. पण मग जे कधी घडलेच नाही त्याचे चित्र देव आकाशात दाखवतो, असे होते. श्रद्धेच्या दृष्टीनेसुद्धा हा सौदा महागच.

त्याची किंमत पुढे मुलाला मोजावी लागते. अशा पाठ्यपुस्तकांवर आधारलेले जीवशास्त्राचे अभ्यासक्रम प्रवेशासाठी ग्राह्य धरण्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाने नकार दिला, तेव्हा ख्रिस्ती शाळांच्या बाजूने विद्यापीठाविरुद्ध दावा लावण्यात आला. २००८ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला, २०१० मध्ये अपिलातही तो कायम राहिला. पुस्तक आईबापांनी निवडले होते. अडले ते मुलांचे.

आपण मात्र हे वाचून समाधानाने मान डोलावण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या नावाखाली वगळण्यात आला. तेथे निदान पालक आपल्या पैशाने पुस्तक निवडतात. येथे त्यांना कोणी विचारलेही नाही. इतिहासाचा आणखी एक विनोद असा, की १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू करणारे मिशनरी अमेरिकनच होते. आमच्या पुराणांतील भूगोल-खगोल खोटा पाडण्यासाठी त्यांनी आधुनिक शास्त्राचाच आधार घेतला होता. मेरू पर्वताला लावलेली कसोटी अशरच्या वंशावळ्यांना लावण्याची पाळी त्यांच्या देशबांधवांवर आली, तेव्हा मात्र शास्त्रच परके ठरले.

असो. त्या आईच्या अडचणीला खरे उत्तर तिच्याच देशाच्या जुन्या ग्रंथसंग्रहात आहे, आणि तेही फुकट. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी १८५८ मध्ये ‘हाऊ प्लांट्स ग्रो’ हे मुलांचे पुस्तक लिहिले. ग्रे निष्ठावान ख्रिस्ती होते आणि अमेरिकेतील डार्विनचे पहिले मोठे कैवारीही तेच. अॅराबेला बकली यांची निसर्गाची पुस्तके घरी शिकवणाऱ्या धर्मनिष्ठ आया आजही प्रेमाने वाचतात. या बाई पृथ्वीच्या प्राचीनतेचा पुरस्कार करणाऱ्या चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञाच्या कार्यवाह होत्या. अॅना कॉमस्टॉक यांचा १९११ चा निसर्गाभ्यासाचा ग्रंथ नऊशेहून अधिक पानांचा आहे. एकाच प्रतीवर सारी भावंडे मोठी होतील. या सर्व पुस्तकांचे स्वामित्वहक्क कधीच संपले आहेत. सहा वर्षांच्या मुलाला हवी असते ती गोगलगाय, बियाणे, ओढ्याकाठचा दगड. हे सारे त्यांत आहे. काही माहिती जुनी झाली आहे, ती सार्वजनिक वाचनालयातील एखाद्या नव्या पुस्तकावरून दुरुस्त करून घ्यावी लागते, एवढेच.

अशा घरांतून आवडीने वाचला जाणारा आणखी एक लेखक म्हणजे फ्रान्सचा जाँ-आंरी फाब्र. उत्क्रांती त्याला अखेरपर्यंत पटली नाही, म्हणून निर्मितिवादी त्याला आपला मानतात. डार्विनला मात्र त्याच्या निरीक्षणाबद्दल अतिशय आदर होता. गवंडी-माशा दूर नेऊन सोडल्या तरी घरी कशा परततात, हे कोडे दोघांनाही पडले होते. माशांची पेटी आधी उलट दिशेला न्यावी, मग गरगर फिरवावी आणि नंतर त्यांना सोडून पाहावे, असे डार्विनने पत्रातून सुचवले. फाब्रने तसे केले. तरीही माशा परतल्या. निष्कर्ष कळवण्याचे त्याने योजले होते, तोवर १८८२ मध्ये डार्विनचे निधन झाले होते.