कामांची यादी कोठे ठेवावी?

गेल्या महिन्यात माझी एक चूक झाली. महाविद्यालयातील कामे मी मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये टिपत असे. घरची मात्र डोक्यातच. प्रात्यक्षिक परीक्षेची सारी कामे वेळेवर झाली, पण आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या राहिल्या. दोन दिवस ती काही बोललीही नाही!

असे का व्हावे? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडले, की एका वेळी आपण साधारण चारच गोष्टी ध्यानात धरू शकतो. नवी आली, की जुनी निसटते. म्हणून यादी डोक्याबाहेर हवी. बेलर विद्यापीठातील २०१८ सालच्या प्रयोगात काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढची कामे लिहिली, काहींनी झालेली. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली.

मग अ‍ॅप कोणते घ्यावे? तीन कसोट्या लावा. एक काम नोंदवायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजा. नोंद कटकटीची झाली, की आपण ती टाळतो. घरची आणि शाळेची कामे एकत्र दिसतात का, ते पाहा. दोन्हींसाठी दिवस एकच असतो. आपली यादी बाहेर काढून घेता येते ना? वंडरलिस्ट हे लोकप्रिय अ‍ॅप २०२० साली बंदच झाले.

साधी वहीही या कसोट्यांना उतरते. मात्र तिला वेळेवर घंटा वाजवता येत नाही. माझा मोबाइल आता रोज सकाळी आठला वाजतो: आईच्या गोळ्या!