दीड मीटरचा विषाणू, दीडशे किलोमीटरचा माणूस

चला, आज जरा मोजदाद करू. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं. ती मुंबईपासून पुण्यापर्यंत रस्त्याच्या कडेने ओळीत मांडली असं समजा. १५० किलोमीटर भरून गेले! आता त्याच मापाने कोरोना विषाणूची अक्षरं मांडा. कुठवर जातील? लोणावळा? पनवेल? छे! अक्षरं जेमतेम ३० हजार. दीड मीटरमध्ये खेळ खलास. रिक्षाएवढी लांबीसुद्धा नाही!

एवढ्याशा मजकुरातून प्रथिनं निघतात २९. आपल्याकडे प्रथिनांचे प्रकार जवळपास २० हजार. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये चार हजार माणसं धरली, तर खच्चून भरलेल्या पाच लोकल! त्यांच्यासमोर हे २९ जण.

या गर्दीत ते कुणाकुणाचा हात धरतात? सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नेव्हन क्रोगन यांच्या चमूने तेच शोधलं. विषाणूच्या एकेका प्रथिनाला खुणेची शेपटी जोडायची, ते माणसाच्या पेशीत तयार होऊ द्यायचं, मग शेपटीला धरून बाहेर ओढायचं आणि सोबत कोण कोण चिकटून आलं ते पाहायचं. विषाणूचा जनुकक्रम जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला आणि ३० एप्रिलला या जोड्यांचा नकाशा 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात हजर. चार महिनेही नाहीत! २९ पैकी प्रथिनं तपासली २६, माणसाच्या प्रथिनांशी जोड्या सापडल्या ३३२. दरडोई जवळजवळ १३ हात!

विषाणूच्या या प्रथिनांतलं एकच जवळून पाहू. ओआरएफ-६. अमिनो आम्लांचे मणी अवघे ६१. पेशीच्या केंद्रकाला हजारो दारं असतात आणि एकेक दार जवळपास हजार प्रथिन-रेणूंनी बांधलेलं. वजनात ते ओआरएफ-६ च्या सुमारे पंधरा हजार पट! तरी हे ६१ मण्यांचं पिल्लू त्या दाराशी नप-९८ आणि आरएई-१ या दोन प्रथिनांना धरतं, आणि विषाणू आल्याची वर्दी घेऊन आत निघालेले निरोपे बाहेरच अडकतात. किल्ला केवढा आणि कडी घातली कुणी, पाहा!

आणि असे विषाणू किती? आजाराच्या ऐन भरात एका माणसाच्या शरीरात १०० कोटींपासून १० हजार कोटींपर्यंत. हा हिशेब इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा. १० हजार कोटी! तेवढे रुपये असते, तर भारतातल्या प्रत्येकाच्या हातावर सत्तर रुपये पडले असते. आणि एवढ्या विषाणूंचं वजन? मिलिग्रॅमचा दहावा भाग.

मग साऱ्या जगाचं? साथ ऐन भरात असताना, एका क्षणी, पृथ्वीवरच्या सगळ्या रुग्णांमधले सगळे विषाणू तराजूत घातले तर वजन भरतं १०० ग्रॅम ते १० किलो. फार तर १० किलो! तांदळाची एक पिशवी! आणि २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री तर साथ नुकती हातपाय पसरू लागली होती, वजन याहून कितीतरी कमी होतं. तेवढ्यापुढे भारतीय रेल्वेने रोजच्या सुमारे १३ हजार प्रवासी गाड्या थांबवल्या. पश्चिम, मध्य, हार्बर, मुंबईच्या लोकलसुद्धा!