स्क्रीनवरच्या मुंग्या

जुन्या टीव्हीवरचं चॅनल गेलं की घरात कोणीतरी ओरडायचं, ‘मुंग्या आल्या!’ एखाद्या अमावास्येच्या आसपास हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर ट्रायपॉड रोवून कॅमेऱ्याचा लाइव्ह व्ह्यू चालू करा, त्याच मुंग्या तिथेही भेटतील. समोर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांना दिसत असते आणि एवढा महागाचा कॅमेरा स्क्रीनवर करड्या ठिपक्यांची वळवळ दाखवत बसतो. पण शटर दाबून ३० सेकंद थांबलं, की तोच कॅमेरा असा फोटो देतो, ज्यात आकाशगंगेतले धुळीचे काळे पट्टे आणि डोळ्यांनी कधीच न टिपलेले हजारो तारे असतात. लेन्स तीच, सेन्सर तोच, आकाशही तेच.

बदलतो तो फक्त वेळ. लाइव्ह व्ह्यू म्हणजे सेकंदाला साधारण ३० किंवा ६० चित्रांचा ओघ. सेकंदाला ३० चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी प्रकाश गोळा करायला फार तर १/३० सेकंद मिळतो. फोटोला मिळतात पूर्ण ३० सेकंद, म्हणजे ९०० पट. समजा, फोटोत आकाशाच्या एका सपाट तुकड्यातल्या प्रत्येक पिक्सेलवर सुमारे ९०० फोटॉन नोंदले गेले. मग लाइव्ह व्ह्यूच्या एका चित्रात त्याच पिक्सेलच्या वाट्याला सरासरी एकच फोटॉन येतो.

एक! प्रकाशाचा याहून लहान तुकडा होतच नाही. प्रकाश असा सुट्या तुकड्यांनी येतो, ही कल्पना आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडली, तेव्हा बऱ्याच भौतिकशास्त्रज्ञांना ती पटली नव्हती. आज ती गळ्यात अडकवून आपण गड चढतो.

आता गंमत अशी, की सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एकेक, असं होत नाही. फोटॉन रांगेत येत नाहीत, एकमेकांना विचारूनही येत नाहीत. शंभर पिक्सेल घेतले तर एका चित्रात त्यांतल्या सुमारे ३७ पिक्सेलना काहीच मिळत नाही, ३७ना एक मिळतो, १८ना दोन आणि उरलेल्या आठांना तीन किंवा त्याहून जास्त. आकाशाचा तुकडा एकसारखा उजळ असूनही पडद्यावर काळे, करडे, पांढरे ठिपके उमटतात. पुढच्या १/३० सेकंदात वाटणी पुन्हा नव्याने होते आणि ठिपक्यांची जागा बदलते. वळवळ दिसते ती मुख्यतः ही.

या वाटणीचं गणित फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८३७ मध्ये मांडलं. पुढे १८९८ मध्ये बोर्टकीविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने तेच गणित प्रशियाच्या घोडदळाला लावून पाहिलं. घोड्याची लाथ बसून कोणत्या तुकडीत, कोणत्या वर्षी किती सैनिक मेले, याची आकडेवारी त्याने तपासली आणि ती सूत्राशी सुरेख जुळली. घोड्याच्या लाथा आणि ताऱ्यांचा प्रकाश एकाच हिशेबात बसावेत, याचं मला तरी अजून नवल वाटतं.

त्या हिशेबाचं एक फळ फोटोवाल्यांच्या फार कामाचं आहे. ९०० फोटॉन जमले तर त्यांत चढउतार असतो सुमारे ३०चा, म्हणजे शेकडा तीन-साडेतीन. एकच फोटॉन अपेक्षित असेल, तर चढउतारही एकाचाच, म्हणजे शंभर टक्के. म्हणून फोटो गुळगुळीत येतो आणि लाइव्ह व्ह्यू खरखरीत. कॅमेऱ्याने आयएसओ कितीही वाढवला तरी आलेल्या फोटॉनांची संख्या वाढत नाही. आहे तेच मोठ्या आवाजात वाचलं जातं. त्यात फोटॉनांनी सेन्सरमध्ये सोडवलेले इलेक्ट्रॉन मोजताना होणारी चूक एक-दोन इलेक्ट्रॉनांची असली, तरी एका फोटॉनपुढे ती केवढी! शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची गाळणी बसवलेली असते. कोडॅकच्या ब्राइस बेयरने १९७६ मध्ये पेटंट मिळवलेली ही रचना दिवसा रंग देते, पण रात्री आधीच तुटपुंज्या असलेल्या प्रकाशातला मोठा वाटा अडवते. अंधारातल्या करड्या मुंग्यांत रंगीत ठिपकेही दिसतात ते या गाळण्यांमुळेच.

मग आपल्या डोळ्याला आकाशगंगा दिसते कशी? त्यालाही फार थांबता येत नाही. अंधारात तो जेमतेम १/१० सेकंदाचा प्रकाश एकत्र करतो. तो दुसरीकडे काटकसर करतो. अंधारात काम करणाऱ्या अनेक दंडपेशींचे संदेश एकाच तारेवर सोडतो, बारकावे सोडून देतो, रंगांवर पाणी सोडतो. चांदण्यात माणूस ओळखू येतो, वर्तमानपत्र वाचता येत नाही, ते यामुळे. हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसलं, की डोळ्यातल्या पाच ते चौदा दंडपेशींनी एकेक फोटॉन टिपला तरी माणसाला उजेडाची चमक जाणवते. शिवाय अंधारात डोळ्यांचा संदेश मेंदूपर्यंत उशिरा पोचतो. संध्याकाळी मैदानात ‘बॉल दिसेना’ म्हणणारा फलंदाज नेहमीच बहाणा करत नसतो. कॅमेऱ्यांचंही तसंच. काळोख वाढला की काही कॅमेरे चित्रांचा वेग आपणहून कमी करतात. मुंग्या थोड्या निवळतात, पण कॅमेरा फिरवला की दृश्य मागून फरफटत येतं.

ऑटोफोकस बिचारा अशा वेळी घर्र घर्र करत पुढेमागे होतो आणि हात टेकतो. शेजारच्या पिक्सेलमधल्या फरकावरून कडा शोधणाऱ्या यंत्राला इथे सगळीकडेच फरक दिसतो, कारण मुंग्याच तेवढ्या आहेत. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भिस्त ठेवू नये. पुष्कळ लेन्स त्या खुणेच्याही पलीकडे फिरतात आणि गारठ्यात फोकस सरकतो. अशा वेळी हाच वळवळणारा लाइव्ह व्ह्यू कामी येतो. मे महिन्यात आकाशगंगेच्या गाभ्याजवळ लालसर ज्येष्ठा असते. कॅमेरा तिच्यावर रोखा, स्क्रीनवरचं दृश्य दहापट मोठं करा, मॅन्युअल फोकसची रिंग अगदी हळू फिरवा. आधी एक फुगलेला गोळा दिसतो. तो आक्रसत जातो आणि तो ठिपक्याएवढा होता होता आजूबाजूला आधी नसलेले बारीक तारे उगवतात.

ते उगवतात कारण हिशेब बदलतो. एखाद्या मंद ताऱ्याकडून एका चित्रात ४०० फोटॉन आले असं धरू. फोकस चुकल्यामुळे ते ४०० पिक्सेलवर विखुरले, तर प्रत्येकी एक, आणि तारा मुंग्यांत बुडाला. तेच चार पिक्सेलवर एकवटले तर प्रत्येकी १००, आणि तारा ठसठशीत. डोंगराची कडा स्क्रीनवर दिसत नाही पण तारा दिसतो, तोही याच कारणाने. म्हणून मी तरी मोठ्या ताऱ्याच्या आकारापेक्षा बारक्यांकडे बघतो: जास्तीत जास्त बारके तारे दिसले की रिंग सोडून द्यायची.

ही सोय तशी अलीकडची. डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या वाटेत आरसा असे, त्यामुळे फोटो काढेपर्यंत सेन्सर आंधळाच. कॅननने २००५ मध्ये खास आकाशाच्या फोटोंसाठी २०डीए काढला, त्यात ताऱ्यावर फोकस करण्यापुरता लाइव्ह व्ह्यू होता. एरवीच्या फोटोंसाठीही लाइव्ह व्ह्यू देणारा ऑलिंपस ई-३३० हा २००६चा. पुढे आरसाच गेला. ऑलिंपसच्या २०१२च्या ई-एम५मध्ये तर शटर उघडं असतानाच मधूनमधून स्क्रीन ताजी होते आणि फोटो भरत जाताना बघता येतो. ३० सेकंद काय करतात, हे शिकवायला याहून चांगला फळा नसेल.

स्क्रीनचा उजेड मात्र कमीत कमी ठेवावा, नाहीतर अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. आणि फोकस झाला की मोठं केलेलं दृश्य उगाच चालू ठेवू नये. सतत काम करून सेन्सर तापतो, आणि तापलेल्या सेन्सरमध्ये प्रकाश नसतानाही इलेक्ट्रॉन सुटतात. लेन्सला टोपी घालून दीर्घ फोटो काढा, त्यातही लाल, निळी, हिरवी टिंबं सापडतील. मुंग्या जागा बदलतात, ही टिंबं बदलत नाहीत, म्हणून त्यांना पकडता येतं. कॅमेऱ्यातली दीर्घ एक्स्पोजरची नॉइज रिडक्शन चालू असेल, तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी ३० सेकंदांचा नुसता काळोख टिपतो आणि तो पहिल्या फोटोतून वजा करतो. तेवढा वेळ बटणं ऐकत नाहीत. घाई असेल तर मेनूत जाऊन ती सोय बंद करावी आणि टोपी घातलेला फोटो शेवटी आपणच काढून ठेवावा.